सांदवाडीत (घरामागच्या परसात) कबुतरांची ढाबळ कशी बांधावी

गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वाड्यातली ढाबळ माझा आजा झाडायचा. "पाखरं मालकाची, अन् चरतेत आपल्या ज्वारीत," असं कुरकुरायचा. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांचंही हेच गाऱ्हाणं होतं. तिथल्या जमीनदारांचा ढाबळ ठेवण्याचा खास हक्क ऑगस्ट १७८९ मध्ये मोडला. आमची मालगुजारी जायला १९५१ उजाडलं. आज्याला झाडण्याबद्दल विष्ठा मिळायची, अन् तिच्यावरच आमची मिरची पोसायची.

खतासाठीच मीही सांदवाडीच्या भिंतीत ढाबळ केली. तोंड पूर्वेला ठेवा. आपल्याकडे पावसाची झड अन् उन्हाळ्याची झाव (गरम वारा) दोन्ही पश्चिमेकडून येतात. रुंद पोटाची मडकी आडवी करून भिंतीत लिंपायची, दोन पुरुष उंचीवर. तोंड वीतभर पुरे, कबुतराला अंधार आवडतो. एका जोडीला दोन मडकी द्या. एकात पिल्लं असतानाच मादी दुसऱ्यात अंडी घालते. मडक्यांखाली टिनाचा गुळगुळीत पत्रा ठोका, बोका चढत नाही. शिडी मात्र काढून ठेवायची. मी विसरलो होतो, एका रात्रीत दोन जोड्या गेल्या.

पाखरं घेताना मोठी घेऊ नका. पंख फुटलेली, पण अजून न उडालेली घ्या. मी मोठी जोडी आणून चौथ्या दिवशी सोडली, ती थेट विकणाऱ्याच्या छपरावर! त्यानं तीच मला पुन्हा विकली, अन् मी घरी आल्यावर ओळखली.

दाणा संध्याकाळी टाका, म्हणजे घरी परततात: ज्वारी, तूर, थोडी लाखोळी. सोबत विटेचा चुरा अन् चुनखडी. अंडी दोनच. सतरा-अठरा दिवस उबवतात, दिवसा नर, रात्री मादी. पिल्लांना पहिले काही दिवस आईबाप गळ्यातल्या पिशवीतलं दूध पाजतात, तेव्हा आपण हात लावायचा नाही.

विष्ठा खरवडण्याआधी पाणी शिंपडा, नाकाला दुपट्टा बांधा. कोरडी धूळ छातीत जाते. ताजी विष्ठा फार गरम, मुळं जाळते. शेण अन् पाल्यात मिसळून निदान तीन महिने कुजवा. इराणात इस्फहानकडे खरबुजाच्या खतासाठी कबुतरांचे मोठमोठे बुरूजच बांधले होते. आपल्याला मिरचीच्या रोपाला मूठभर पुरते. खोडापासून वीतभर लांब टाकायची, अन् लगेच पाणी सोडायचं.