दोन लाख व्ह्यूज, बुकिंग शून्य: घोड्यांच्या धंद्यात सोशल मीडियावर या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या काकांच्या पांढऱ्या घोडीची रील जोरात चालली. मागं फिल्मी गाणं, पुढं घोडी मागच्या दोन पायांवर उभी. दोन लाखांवर लोकांनी पाहिली. राजस्थानातून कमेंट, बिहारातून कमेंट, एक तर थेट दुबईहून. काका आठ दिवस खुशीत होते. त्या रीलवरून बुकिंग मात्र एकही आलं नाही. त्याच आठवड्यात काकूंनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला साधा फोटो टाकला होता: अंगणात बांधलेली घोडी, खाली "लग्नासाठी मिळेल, दर्यापूर". त्यावर तीन फोन आले.

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरला काकांच्या पागेत सहा जनावरं आहेत. वरातीची घोडी, एक बग्गी, रविवारी पोरांना घोडेस्वारी शिकवणं आणि जमलं तर वर्षाला एखादं शिंगरू विकणं, असा सगळा धंदा. फोन माझ्या हातात असतो, म्हणून चुकाही बहुतेक माझ्याच.

पहिली चूक म्हणजे गिऱ्हाईक कुठं राहतं तेच विसरणं. नवरदेवाला मारुतीच्या पारावर न्यायला घोडी लागते ती त्याच्या गावात. बिहारचा माणूस वाहवा करेल, पण घोडी गाडीत चढवून तिकडं नेणं ना त्याला परवडत, ना आपल्याला. पैसे देऊन जाहिरात करायची तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर नकाशात टाचणी मारून तिच्याभोवतीचा घेर ठरवता येतो, जास्तीत जास्त ८० किलोमीटर. दर्यापूरवर टाचणी मारली तर अमरावती, अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी सगळं त्यात बसतं. घेर न ठरवता सरसकट 'बूस्ट' दाबलं की पैसे भलतीकडंच जातात. एका लग्नसराईत मी ते करून बसलोय.

गावाचं नाव पूर्ण लिहा. विदर्भात एकाच नावाची गावं किती! बोरगाव म्हटलं की अकोल्याकडच्याला बोरगाव मंजू आठवतं आणि वर्ध्याच्याला बोरगाव मेघे. दोन्हींमध्ये दीडशेहून जास्त किलोमीटर अंतर. तालुका आणि जिल्हा नसलेली पोस्ट म्हणजे फोन उचलून "नाही हो, आम्ही ते नव्हे" म्हणत बसणं. गूगल मॅपवर पागेची नोंद फुकट करता येते. टाचणी घरावर न ठेवता पागेच्या फाटकावर ठेवा, कारण शिकायला येणाऱ्या पोरांचे आईबाप त्याच टाचणीवर विसंबून गाडी काढतात. नाव लिहिताना 'घोडी', 'बग्गी', 'लग्न' हे शब्द वर्णनात असू द्या. शोधणारे बरेच जण मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून दोन्ही लिप्यांत लिहिलेलं बरं.

आता त्या गाण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात. खातं साध्याचं बिझनेस केलं की इन्स्टाग्रामवर चालती फिल्मी गाणी गायब होतात. बिझनेस खात्याला गाण्यांचा साठा मर्यादित मिळतो. मग पोरगं दुसरीकडून गाणं चिकटवतं आणि काही दिवसांनी व्हिडिओ मुका होतो. फोन येतो, "भाऊ, आवाज काऊन येत नाही?" मीही खूप डोकं खाजवलं. शेवटी कळलं, गाणं हवंच कशाला? घोडी ठरवायला आलेला नवरदेवाचा बाप पहिलं काय विचारतो? "डीजेला बिथरत तर नाही ना?" मग तेच दाखवा. बँड वाजतोय, पोरं नाचतायत, फटाक्यांची लड फुटतेय आणि घोडी कान हलवत शांत उभी आहे, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा हात लगामावर. तीस सेकंद, मूळ आवाजासकट. वर गाणं चढवलं की नेमका पुरावाच झाकला जातो. मूळ आवाजाच्या अशा व्हिडिओला व्ह्यूज कमी येतात, फोन जास्त येतात.

दोन पायांवर उभी राहणारी घोडी मी आता टाकतच नाही. बघणाऱ्याला मजा येते, पण ज्याचा पोरगा त्या पाठीवर बसणार असतो त्याच्या पोटात गोळा येतो.

भाव लपवणं हा आपल्याकडचा जुना रोग. "रेटसाठी मेसेज करा" लिहायचं आणि मेसेजला रात्री अकराला उत्तर द्यायचं. तोवर लग्नघरानं शेजारच्या गावची घोडी ठरवून टाकलेली असते. एकच आकडा लिहिणं अवघड असतं हे खरं, कारण अंतर, वेळ, बग्गी सोबत आहे की नाही, सगळ्यावर भाव बदलतो. तरी 'दोन तासांच्या वरातीचे इतक्यापासून पुढे, तालुक्याबाहेर गाडीभाडं वेगळं' एवढं लिहिता येतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवून ठेवता येतात. मी तीन ठेवली आहेत: भाव, इसार किती, आणि तारीख पक्की कशी होते. एक ध्यानात ठेवा, ब्रॉडकास्ट यादीत २५६ लोक बसतात खरे, पण ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. म्हणून बुकिंग झालं की पहिलं वाक्य मी हेच बोलतो, "जी, नंबर सेव्ह करून ठेवा."

शिंगरू विकायचं होतं तेव्हा मी "विकणे आहे, किंमत अमुक" अशी पोस्ट टाकली. ती उडाली. मला वाटलं कुणी जळून तक्रार केली. तसं काही नव्हतं. फेसबुक मार्केटप्लेसवर जिवंत जनावर विक्रीला ठेवणं नियमातच बसत नाही, आणि व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्येही नाही. हट्टानं परत परत टाकत राहिलं तर खात्यावरच बंधनं येतात. पोस्ट पोचेनाशी झाली की सेटिंगमध्ये 'अकाउंट स्टेटस' उघडा, काय काढलंय ते तिथं दिसतं. घोड्याचा सौदा तसाही मोबाइलवर होत नाही. घेणारा दात बघतो, अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, त्यातला शुभ मानलेला देवमन आहे का पाहतो, चाल बघायला स्वतः बसून पाहतो. त्यासाठी दत्त जयंतीची सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा आहे, फोन आहे, पागा आहे. फेसबुकच्या पानावर शिंगराची वाढ दाखवत राहा. ज्याला हवंय तो येतो.

यापुढची गोष्ट मात्र जपून. फोटोत घोडं जसं दिसतं तसाच धंदा दिसतो. बरगड्या दिसणारं, खोगीराखाली पाठ सोललेलं जनावर कितीही झगमगीत झुलीखाली लपवा, कमेंटमध्ये कुणीतरी बोट ठेवतंच, आणि ठेवावंच. काटे असलेला लगाम तर फोटोतच काय, पागेतही नको. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि त्याखालच्या १९६५ च्या नियमांत जनावर हाकायला किंवा त्यावर बसायला काटेरी लगाम वापरायची मनाई आहे. त्याच नियमांत गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांबद्दल आणखी एक गोष्ट आहे: तापमान ३७ अंशांवर गेलं की दुपारी बारा ते तीन त्यांना जुंपायचं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरालाच ३७ ओलांडलेलं असतं. तेव्हा भर दुपारी डांबरी रस्त्यावर बग्गीचा व्हिडिओ काढून टाकणं म्हणजे आपल्याच हातानं तक्रार लिहून देणं. दुपारचा मुहूर्त असला की मी आधीच सांगतो, बग्गी ऊन उतरल्यावर मिळेल. दोन बुकिंग गेली त्यानं. तेच वाक्य पोस्टमध्येही लिहिलं, तर एका लग्नघरानं त्यावरूनच आमची घोडी ठरवली.

अशी टीकेची कमेंट आली तर उडवू नका. पाणी कधी पाजता, सावली कुठं असते, नालबंद कधी येतो ते सांगून टाका. भांडायला येणारा गप्प होतो, आणि वाचणारे बाकीचे लोक तुमचं उत्तर बघतात.

शिकायला येणाऱ्या पोरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हेल्मेट नसलेला फोटो तर मुळीच नाही. यावर जास्त बोलायची गरज नसावी.

पैशाची एक भानगड सांगतो. "मी सैन्यात आहे, बहिणीच्या लग्नाला घोडी पाहिजे, इसार पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला की समजून जा. पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. दुसरा प्रकार म्हणजे आपले फोटो उचलून दुसऱ्याच नावानं पान उघडून इसार गोळा करणं. फोटोवर कोपऱ्यात पागेचं नाव आणि नंबर टाकला तर तो प्रकार थोडा तरी अडतो.

आणि पानाचा ताबा. आमचं पहिलं पान भाच्यानं त्याच्या खात्यावरून उघडलं होतं. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, फोन बदलला, पासवर्ड विसरला. पान आजही तसंच उभं आहे, त्यावर जुना नंबर, आणि काही लोक अजून तिथंच मेसेज करतात. पानाला पूर्ण अधिकार असलेली किमान दोन माणसं ठेवा, त्यातलं एक पागेवर राहणारं.

शेवटचा मुद्दा वेळेचा. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून बहुतेक जण चार महिने पानाकडं फिरकत नाहीत आणि तुळशीचं लग्न लागलं की एकदम धडाधड पोस्ट टाकतात. लग्नघरं तोवर कार्यालय, बँड, घोडी ठरवायला लागलेली असतात. दसऱ्याला घोड्यांची पूजा होते, तो फोटो टाका. नाल ठोकताना, खरारा करताना, नव्या घोडीला ढोलाची सवय लावताना काढलेले व्हिडिओ याच रिकाम्या महिन्यांत बनतात. अधिक महिन्याचंही तसंच. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे मेच्या उत्तरार्धातली नेहमीची गर्दी त्या वर्षी नाही. काकांनी पंचांग बघून ते मला फाल्गुनातच सांगितलं होतं, मी मात्र मेच्या जाहिरातीचे पैसे आधीच भरून ठेवले होते.