कॅमेरा ऑफलाइन दिसतोय? रीसेटच्या बटणाला हात लावण्याआधी या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कितीतरी मराठी घरांत आता आई-बाबा दोघंच असतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, म्हणून दारावर कॅमेरा. अ‍ॅपवर 'ऑफलाइन' दिसलं की तिकडून फोन येतो आणि इकडे कुणीतरी टाचणी घेऊन रीसेटचं बटण दाबत बसतं. रीसेटने वाय-फायची माहिती आणि बाकी सेटिंग पुसलं जातं, दुखणं तसंच राहतं. आधी हे बघा, की कॅमेरा नेमका कधी जातो.

दिवसभर चालतो आणि दिवेलागणीनंतर रुसतो, असं असेल तर उगाच वाय-फायला दोष देऊ नका. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे) दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. त्यात मूळ अ‍ॅडॉप्टरच्या जागी जुन्या मोबाइलचा चार्जर, आणि दारापर्यंत पोचावी म्हणून लांबलचक, बारीक यूएसबी वायर. त्या वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो. खात्री करायची तर रात्री अ‍ॅपमधून नाइट व्हिजन बंद करून पाहा. कॅमेरा टिकला, तर चोर पॉवरमध्ये आहे. नवा अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट कॅमेऱ्यावर छापलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला तर कॅमेरा जळायचा.

राउटर बदलल्यापासून बंद आहे? मग सगळे कॅमेरे उतरवून नव्याने जोडत बसू नका. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अगदी अक्षर न् अक्षर तेच. बहुतेक वेळा कॅमेरे आपणहून परत येतात. नाहीच आले तर बँड, म्हणजे वाय-फायची फ्रिक्वेन्सी बघा. घरगुती वाय-फाय कॅमेरे बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि नवे राउटर २.४ आणि ५ एकाच नावाखाली देतात. सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, जुनं नाव २.४ लाच ठेवा. राउटरची सिक्युरिटी (पासवर्डच्या सुरक्षेची पद्धत) नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर ती डब्ल्यूपीए२ करून पाहा.

जुन्या घरांच्या जाड भिंती हा वेगळाच ताप. राउटर आतल्या खोलीत टीव्हीमागे, कॅमेरा दर्शनी दारावर. मग एक्स्टेंडर (वाय-फाय पुढे पोचवणारं यंत्र) आणतात आणि तो नेमका कॅमेऱ्याशेजारी लावतात, जिथे सिग्नल मुळातच मेलेला असतो! तो मधल्या खोलीत लावा, जिथे मोबाइलवर सिग्नल अजून बऱ्यापैकी दिसतो.

या सगळ्यापेक्षा मला जास्त खटकते ती चूक दिसत नाही. कॅमेरे बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्या मोबाइलवर अकाउंट उघडून देतो आणि तुम्हाला नुसतं शेअर करतो. बऱ्याच कंपन्यांचा कॅमेरा पहिल्या अकाउंटला बांधलेला राहतो. रीसेट करूनही तुमच्या मोबाइलवर तो 'दुसऱ्या अकाउंटशी जोडलेला आहे' असंच सांगतो. 'अरे बाळा, आमच्या दारात कोण येतं ते तुला कशाला दिसायला हवं?' असं सरळ विचारा, समोर बसवून त्याच्या अ‍ॅपमधून कॅमेरा काढायला लावा आणि मग आपल्या अकाउंटवर जोडा.

घरच्या वाय-फायवर दिसतो पण बाहेरून मोबाइल डेटावर दिसत नाही, तेव्हा आधी घरचं इंटरनेट चालू आहे ना ते बघा.

वायरवाल्या कॅमेऱ्यांचं दुखणं बहुधा जोडावर असतं. नुसत्या टेपने गुंडाळलेल्या जोडात पावसाचं पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. असा कनेक्टर पुसत बसू नका, कापून नवा क्रिंप करा (खास पक्कडीने दाबून बसवा) आणि वॉटरप्रूफ डबीत ठेवा. आणि १४-१५ जानेवारीच्या उत्तरायणानंतर, म्हणजे पतंगांच्या सणानंतर, कॅमेरा गेला, तर कॅमेरेवाल्याला बोलावण्याआधी अगाशीवर (गच्चीवर) जाऊन वायरीला मांजा अडकलाय का ते पाहून या.