भाडं न भरता टीव्ही घरी रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

आषाढी एकादशीला पंढरपुरात विठ्ठलाची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास होते. माझ्या आईला ती बघायची असते. तिनं बारा वर्षं आळंदीहून पायी वारी केली. आता गुडघे साथ देत नाहीत आणि रात्री दोनला उठून बसणंही झेपत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी दूरदर्शनच्या मोफत डीटीएचच्या, म्हणजे फ्री डिशच्या, बॉक्सला पेनड्राइव्ह लावला, 2 ते 4 असा टायमर भरला आणि निर्धास्त झोपले. सकाळी सातला आई आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून टीव्हीसमोर येऊन बसली. पेनड्राइव्ह रिकामा होता. मी रिमोट घेऊन शोधाशोध करत असतानाच साडेसातला बॉक्स आपोआप जागा झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकायला लागली. रेकॉर्डिंग सुरू झालं होतं, बरोबर साडेपाच तास उशिरा. आई एवढंच म्हणाली, "अगं, पूजा तर कधीच झाली."

त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला. आमच्या पुण्यातल्या धायरीच्या इमारतीत आणि नात्यात आता सात-आठ घरांत असे बॉक्स लावून दिले आहेत. तेव्हा चुकतं कुठे, हे बऱ्यापैकी कळलंय.

घड्याळ

ते साडेपाच तास काही योगायोगाने आलेले नव्हते. उपग्रहावरून बॉक्सला जी वेळ मिळते ती जागतिक वेळ असते. तिच्यात आपले साडेपाच तास मिळवायचं काम बॉक्सच्या सेटिंगचं. कारखान्यातून आलेल्या कितीतरी बॉक्समध्ये तिथे शून्यच असतं. मग तुम्ही भरलेले दोन म्हणजे जागतिक दोन, आणि आपल्याकडे साडेसात. ओळखायची खूण सोपी आहे. रात्री नऊ वाजता बॉक्सच्या मेनूत 15:30 दिसत असेल, तर ऑफसेट, म्हणजे हे मिळवायचे तास, भरलेला नाही. वेळेच्या सेटिंगमध्ये जीएमटी +5:30 करा, समर टाइम बंद ठेवा. बरेच जण तिथे हातानेच घड्याळ लावून मोकळे होतात. तसं करू नका, कारण एकदा वीज गेली की ते घड्याळ पुसलं जातं. ऑफसेट दिलेला असेल तर बॉक्स सिग्नल मिळताच वेळ पुन्हा पकडतो.

टायमरमध्ये आणखी दोन फसव्या जागा आहेत. पहिली तारखेची. रात्रीचे दोन म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख, हे झोपेच्या तंद्रीत हमखास विसरतं. दुसरी टायमरच्या प्रकाराची. अनेक बॉक्समध्ये टायमर भरला की तो नुसता चॅनेल लावतो, रेकॉर्ड करत नाही. तिथे 'रेकॉर्ड' हा प्रकार वेगळा निवडावा लागतो. आणि थेट प्रक्षेपण कधीच वेळेत संपत नाही. त्यामुळे दहा मिनिटं आधीपासून आणि अर्धा तास नंतरपर्यंत जागा ठेवा.

मग आपली मराठी घरातली चांगली सवय इथे आड येते, ती म्हणजे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची. बॉक्स रिमोटने झोपवायचा, भिंतीवरून नाही. आमच्याकडे बाबांनी दोनदा असं बंद केलं. शेवटी त्या बटणावर मी हळदीकुंकवाच्या पुडीतली लाल टिकली चिकटवली, तेव्हापासून कुणी हात लावत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते त्या भागात राहत असाल, तर राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस बॉक्सलाही चालतो. मात्र बॉक्सच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर जुळवून घ्या. नाहीतर नवीच दुरुस्ती निघेल.

काय विकत घ्यायचं आणि काय नाही

दूरदर्शनची ही मोफत डीटीएच सेवा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली. तेव्हा नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस, आता डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, खर्च एकदाच: छत्री, बॉक्स, वायर. सगळं मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास जातं. त्यावरच्या एमपेग-2 (जुन्या, साध्या चित्रपद्धतीच्या) वाहिन्या कुलूपबंद नसतात, आणि घरच्या रेकॉर्डिंगसाठी हीच गोष्ट सर्वात मोलाची आहे.

पैसे भरायच्या डीटीएचचे रेकॉर्डिंगवाले बॉक्सही असतात. पण त्यात जे साठतं ते त्याच बॉक्सला आणि त्याच कार्डाला बांधलेलं असतं. माझ्या मामाने अशा एका बॉक्सवर दोन वर्षं शास्त्रीय संगीताच्या मैफली जमवल्या होत्या. पुढे बॉक्स बंद पडला. कंपनीने बदलून दिला, पण नव्या बॉक्सने जुनी डिस्क उघडली नाही. ती संगणकाला लावली तर फक्त 'फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न आला. मामा त्या डिस्ककडे बघत बसला होता, ते मला अजून आठवतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जे रेकॉर्डिंग बॉक्समधून बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर चालवता येत नाही, त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. काही स्मार्ट टीव्हींमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, तीही बहुतेक अशीच बांधलेली. वर टीव्ही आधी डिस्क पुसून घेतो. मुलांचे फोटो असलेली डिस्क 'बघू तरी चालतं का' म्हणून कधीही लावू नका.

फ्री डिशचा बॉक्स घेतानाही डोळे उघडे ठेवा. युएसबीचं भोक आहे म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही. काही बॉक्समध्ये ते फक्त गाणी-फोटो दाखवायला असतं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जाणार असाल, तर पेनड्राइव्ह आणि फोनला जोडायची ओटीजी पिन खिशात ठेवा. दुकानात चालू छत्री असतेच. दोन मिनिटं रेकॉर्ड करून दाखवा म्हणायचं, पेनड्राइव्ह काढायचा आणि तिथेच फोनवर व्हीएलसी या फुकटच्या प्लेअरमध्ये लावून बघायचं. पहिल्यांदा विचारताना मला संकोच वाटला होता. दुकानदार म्हणाले, "ताई, असं तपासून नेणारं गिऱ्हाईक परत भांडायला येत नाही." तेवढंच आणखी विचारून घ्या: एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी बघता येते का? वाहिनी पकडणारा ट्यूनर एकच असतो, त्यामुळे बहुतेक वेळा येत नाही. सासूबाईंची मालिका आणि तुमचं रेकॉर्डिंग एका वेळेला येत असेल तर हे आधी कळलेलं बरं.

पेनड्राइव्ह

दूरदर्शनच्या साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला तीन मेगाबिट धरला, तर तासाला साधारण 1.35 जीबी होतात. म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर वीस तासांहून जास्त मावतं. महागडा, वेगवान पेनड्राइव्ह लागत नाही. मात्र बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे '1 टीबी'वाले पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यांच्या आत तेवढी जागा नसतेच. सुरुवातीचं नीट लिहिलं जातं आणि पुढचं सगळं हरवतं. नवा पेनड्राइव्ह संगणकाला लावून एच2टेस्टडब्ल्यू या फुकटच्या प्रोग्रॅमने एकदा पूर्ण भरून तपासा.

रेकॉर्डिंग दर वेळी साधारण तीन तासांनी थांबत असेल, तर दोष वेगळा आहे. एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एका फाइलला 4 जीबीची मर्यादा असते आणि वरच्या हिशोबाने ती तीन तासांच्या थोडं पुढे गाठली जाते. शहाणे बॉक्स आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, बाकीचे गप्प थांबतात. बॉक्स एनटीएफएस (अशी मर्यादा नसलेली पद्धत) वाचत असेल तर तसं फॉरमॅट करा. नसेल तर दोन टायमर लागोपाठ भरा.

आणि हार्ड डिस्क लावल्यावर टक-टक आवाज येऊन ती दिसेनाशी होत असेल, तर तिला वीज पुरत नाहीये. बॉक्सच्या पोर्टमधून जेमतेम 500 मिलिअँपियर मिळतात. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये लावा किंवा सरळ पेनड्राइव्ह वापरा. तशा अवस्थेत डिस्क चालवत राहिलात तर ती मरते.

छत्री: निम्म्या तक्रारी इथल्याच

फ्री डिश जीसॅट-15 या उपग्रहावरून येते, 93.5 अंश पूर्वेवरून. पुण्यातून बघितलं तर तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण 132 अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर आहे. गच्चीवर दुसऱ्या कंपनीची जुनी छत्री पडली असेल तर ती वापरता येते, पण तिची दिशा तशीच ठेवून चालत नाही. त्यांचे उपग्रह वेगळे. आणखी एका गोष्टीने लोक फसतात: आपल्या छत्र्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असतात. म्हणून ती फारच उभी वाटली तरी घाबरू नका. फोनमधलं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ खोटं बोलतं, दोन पावलं लांब जाऊन बघा.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे वर एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज पोचतेय आणि वायर जोडलेली आहे, एवढंच. उपग्रह सापडला की नाही हे क्वालिटी सांगते. स्ट्रेंथ ऐंशी आणि क्वालिटी शून्य असेल तर वायर बदलत बसू नका, छत्री हलवा. बोटभर हलवायची आणि पाच सेकंद थांबायचं, बॉक्सला पकडायला वेळ लागतो. एलएनबीची फ्रीक्वेन्सी 9750/10600 निवडलेली आहे ना, हेही आधी पाहा.

आता पावसाचं. डिजिटल चित्र हळूहळू मुंग्यांचं होत जात नाही. ते शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि एकदम चौकोन-चौकोन होऊन गोठतं. त्यामुळे मे महिन्यात काठावरच्या सिग्नलवरही सगळं छान वाटतं, आणि आषाढात, नेमक्या हव्या त्या रात्री, सगळं जातं. पाऊस लागायच्या आधी, कोरड्या दिवशी, क्वालिटी जास्तीत जास्त जिथे येते तिथे नट आवळा. साठ सेंटीमीटरऐवजी नव्वदची छत्री लावली तर मुसळधार पावसात नक्की फरक पडतो. तरीही जोरदार सरीत काही मिनिटं जाणारच, त्याला इलाज नाही.

पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही चित्र अडखळत असेल तर पाणी कनेक्टरमध्ये शिरलंय. मी एकदा काढून बघितला तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी पडली होती आणि भोवतीच्या जाळीचा केसासारखा एक तंतू तिला टेकलेला होता. असला एक तंतूसुद्धा शॉर्ट करायला पुरतो. बॉक्स याच वायरमधून वर 13 किंवा 18 व्होल्ट पाठवत असतो, म्हणून कनेक्टरला हात लावायच्या आधी बॉक्स भिंतीवरून बंद करा. (इथे मात्र भिंतीवरूनच.) वायरचं टोक नव्याने सोला, रबरी टोपी घाला आणि एलएनबीखाली वायरला एक सैल वळसा सोडा, म्हणजे पाणी त्या वळशातून खाली टपकतं, कनेक्टरकडे जात नाही. निसरड्या गच्चीवर एकट्याने चढू नका, आणि वळवाच्या गडगडाटात तर मुळीच नाही.

झाड आड येतंय का हे ओळखायची एक युक्ती मला फार आवडते. मार्चच्या 12 तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या 1 तारखेच्या आसपास, सकाळी अकराच्या सुमारास, पुण्यातून पाहताना सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे. पण त्याच वेळी गच्चीवर जाऊन छत्रीकडे बघा. तिच्यावर गुलमोहराच्या फांदीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडली असेल, तर तीच तुमची अडचण.

केबलच्या बॉक्समधून घेताना

घरात आधीच दुसरा बॉक्स असेल तर त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही पिनांमधून लॅपटॉपवर घेता येतं. त्यासाठीचा युएसबी कॅप्चर काही शे रुपयांत मिळतो. चित्र काळंपांढरं येऊन वर-वर सरकत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी ही अमेरिकी चित्रपद्धत निवडलेली आहे, ती पाल (आपल्याकडची) करा. चित्राच्या जागी गुरगुर ऐकू येत असेल तर एका पिनेतून तीन फुटणाऱ्या वायरची जोडणी त्या बॉक्सशी जुळत नाही. पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. एचडीएमआयमधून घेताना काळा पडदा येतो तो कॉपी रोखणाऱ्या कुलुपामुळे. ते तोडायच्या भानगडीत पडू नका.

लोक विसरतात त्या दोन गोष्टी

फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने वर्षभरासाठी दिल्या जातात, त्यामुळे 1 एप्रिलला यादी हलते. जुना टायमर मग भलत्याच वाहिनीवर जातो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा स्कॅन करा आणि सगळे टायमर नव्याने भरा.

दुसरी गोष्ट कायद्याची. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 39 प्रमाणे प्रसारण स्वतःच्या खाजगी वापरासाठी रेकॉर्ड करायला हरकत नाही. तेच यूट्यूबवर चढवलं किंवा तिकीट लावून दाखवलं तर तो खाजगी वापर राहत नाही.

घेतलेली फाइल बहुधा टीएस प्रकारची असते. व्हीएलसीत ती चालते. हलत्या चित्राच्या कडांना दातेरी रेघा दिसल्या तर डीइंटरलेस चालू करा. जाहिराती कापायला लॉसलेसकट हा प्रोग्रॅम वापरा, चित्राचा दर्जा जसाच्या तसा राहतो. आणि जपून ठेवायचं ते त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या.

यंदा मी आठ दिवस आधीपासून रोज पहाटे दोनचा दहा मिनिटांचा टायमर लावून बघितला. एकादशीला सकाळी आठला आईसमोर फाइल उघडली. पावसामुळे मध्ये तीनेक मिनिटं गोठलेली आहेत, बाकी सगळी पूजा आहे. पंचामृताच्या अभिषेकापाशी ती म्हणाली, "थांब, मागे घे जरा." मग रिमोट माझ्या हातातून घेऊन तिनं स्वतःच मागे घेतलं.