उमेदवारांची डिबेट ऐकायला जाताय? आधी एवढं करा

निवडणूक आली की सांगलीत कुठल्यातरी हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांना एका स्टेजवर बसवतात, नाहीतर चॅनेलवाले चौकात माईक घेऊन उभे राहतात, आणि आपण घरी येऊन काय सांगतो तर अमक्यानं तमक्याला गप्प केलं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण डिबेटचा मतदाराला उपयोग होतो, फक्त तयारी करून जायला पाहिजे.

जायच्या आधी एकच प्रश्न पक्का करा, आपल्या जगण्यातला. समजा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, धोका पातळी ४५ ची. आता उमेदवार म्हणाला "सांगलीत पूर येऊच देणार नाही", तर ते उत्तर धरूच नका. पण एखादा म्हणाला की पावसाळ्यात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी किती ठेवायचं ते कर्नाटकाशी आधीच बोलून घ्यायला लागेल, कोयना धरणाचा विसर्ग टप्प्याटप्प्यानं व्हावा म्हणून मागं लागणार, पूररेषेतली बांधकामं थांबवणार, तर त्यानं अभ्यास केलाय. मग लगेच विचारा, यातलं तुमच्या पदाच्या हातात काय? हा प्रश्न सोडू नका. नगरसेवकानं अलमट्टीवर तासभर भाषण ठोकून काय उपयोग, त्याच्या वॉर्डातला नाला बुजवून कुणी इमारत बांधली ते त्यानं सांगावं. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी जत तालुक्यातल्या राहिलेल्या गावांना कधी पोचणार हे आमदाराला विचारा.

ऐकताना चेहऱ्याकडं बघत बसू नका, वहीत लिहा. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची डिबेट पहिल्यांदा टीव्हीवर झाली, निक्सन नुकताच आजारातून उठलेला, थकलेला दिसला, आणि लोक आजही त्याच्या चेहऱ्याबद्दलच बोलतात, मुद्दे कुणाला आठवत नाहीत.

आणि घरी आलं की फॉर्म २६ बघा, म्हणजे उमेदवारानं अर्जासोबत दिलेलं शपथपत्र. डिबेटमधनं माणसाची तयारी कळते, बाकीचं या शपथपत्रात असतं, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं. निवडणूक आयोगाच्या साईटवर आमदार-खासदारकीच्या उमेदवारांचं फुकट मिळतं. स्टेजवर "मी साधा शेतकरी" म्हणणाऱ्याचं तर आधी काढा.

वहीतलं पान जपून ठेवा, निवडून आलेला माणूस पुढच्या जूनमध्ये गल्लीत आला की तेच पान त्याच्यासमोर धरा.