घरी बांधलेल्या विमानातील रोटरी इंजिन: इंधन आणि वंगणाची व्यवस्था

माझदाच्या आरएक्स-७ या मोटारीतील १३बी इंजिन अमेरिकेतील हौशी विमानबांधक अनेक वर्षांपासून आरव्ही आणि लाँग-ईझी यांसारख्या विमानांत बसवत आले आहेत. पिस्टनऐवजी प्रत्येकी ६५४ घन सेंटीमीटरच्या दोन फिरत्या त्रिकोणी रोटरांवर चालणारे हे इंजिन मोटारीत ज्या पद्धतीने इंधन आणि तेल घेते, ती पद्धत विमानात जशीच्या तशी उचलू नये. पुढील मांडणी टर्बो नसलेले १३बी, इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन आणि प्रोपेलरसाठी गिअरबॉक्स अशी जोडणी गृहीत धरून केली आहे.

सर्वप्रथम हे समजून घ्यावे की या इंजिनात तेलाला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेले, तेल बेअरिंगांना वंगण देते आणि रोटरच्या पोकळीत फवारले जाऊन रोटर थंड ठेवते. रोटरच्या टोकांवरील एपेक्स सील आणि बाजूंच्या सील, म्हणजे वायू निसटू न देणाऱ्या पट्ट्या, मात्र दहनकक्षात घासत असतात, आणि रोटरच्या बाजूंना बसवलेल्या तेल-रिंगा चेंबरमधील तेल त्या कक्षात जाऊ देत नाहीत. म्हणून माझदाने एक छोटा मीटरिंग पंप दिला, जो चेंबरमधील थोडेथोडे तेल आत सोडतो आणि ते तेथे जळून जाते. अडचण अशी की मोटारीचे इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेले नसते. त्यातील जस्त आणि कॅल्शियमयुक्त घटक जळल्यावर राख मागे ठेवतात, ती सीलच्या खाचांत आणि स्पार्क प्लगवर साठते, आणि खाचेत अडकलेली सील हाउसिंगला नीट टेकत नाही.

यावर बहुतेक विमानबांधकांनी स्वीकारलेला आणि मलाही सर्वांत योग्य वाटणारा उपाय म्हणजे मीटरिंग पंप काढून टाकणे आणि टू-स्ट्रोक तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळणे. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरमध्ये पंपावरचे टू-टी ऑइल घालत, तसेच हे आहे. पंप काढल्यावर पुढच्या कव्हरवरील त्याची जागा पट्टी आणि गॅस्केट लावून बंद करावी, तेथील तेलाचे मार्ग बुजवावेत, आणि हाउसिंग किंवा मॅनिफोल्डवरील तेलाची छिद्रेही उघडी राहणार नाहीत हे पाहावे. काही जण मीटरिंग पंप ठेवून त्याला वेगळ्या टाकीतून टू-स्ट्रोक तेल पुरवतात. ती रचना सुटसुटीत दिसते, परंतु ती छोटी टाकी रिकामी झाली किंवा नळी निसटली तर इंजिन काही काळ तसेच चालत राहते आणि वैमानिकाला काहीच कळत नाही. पेट्रोलमध्येच तेल असले की जोवर पेट्रोल पोहोचते तोवर तेलही पोहोचते.

तेल कमी राखेचे आणि कमी धुराचे निवडावे. बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांसाठीच्या टीसी-डब्ल्यू३ प्रमाणाची तेले राखविरहित असतात आणि सहज मिळतात. जेएएसओ या जपानी मानकातील एफडी दर्जाचे चांगले तेलही चालते. प्रचलित प्रमाण एका अमेरिकी गॅलनला १ द्रव औंस, म्हणजे १:१२८ किंवा लिटरला सुमारे ८ मिलिलिटर आहे. काही जण याच्या निम्म्यावरही उडतात, पण नव्या सील बसेपर्यंत तरी मी पूर्ण प्रमाण सोडणार नाही. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण असे मात्र समजू नये, कारण त्याने प्लग काजळतात आणि मिश्रणाचे ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची क्षमता, हेही थोडे घसरते. टाकीत आधी तेल ओतावे आणि मग पेट्रोल भरावे, म्हणजे धारेनेच ते नीट ढवळले जाते. ७० लिटर भरायचे असेल तर ५६० मिलिलिटर तेल लागेल, हा हिशेब टाकीच्या झाकणाजवळ चिकटवून ठेवावा. दूरच्या उड्डाणात परतीच्या भरण्यापुरते तेल सोबत न्यावे, कारण विमानतळावर टू-स्ट्रोक तेल मिळेलच असे नाही.

मीटरिंग पंप काढण्याचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. आता चेंबरमधील तेल मुद्दाम जाळले जात नसल्याने डिपस्टिकवरील पातळी विश्वासार्ह होते. ती सतत उतरत असेल तर कुठे तरी गळती आहे किंवा तेल-रिंगांनी दगा दिला आहे, आणि ती चढत असेल तर तेलात पेट्रोल किंवा कूलंट शिरत आहे. दोन्ही प्रसंगी कारण सापडेपर्यंत उड्डाण करू नये.

इंधनाच्या बाबतीत हे इंजिन उदार आहे. टर्बो नसलेल्या १३बीला माझदाने अमेरिकी पंपावरील ८७ अंकाचे साधे पेट्रोल पुरेसे मानले होते, जे आपल्या मोजणीने साधारण ९१ ऑक्टेन होते. टर्बो लावल्यास ही उदारता संपते, कारण डिटोनेशनचा, म्हणजे मिश्रण स्फोटासारखे एकदम जळण्याचा, पहिला बळी एपेक्स सील असते.

विमानतळावरचे १००एलएल हे पेट्रोल ऑक्टेनच्या दृष्टीने गरजेपेक्षा खूप वरचे आहे, पण त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ते प्लगवर साठते, ऑक्सिजन सेन्सर लवकर निकामी करते आणि चेंबरमधील तेलातही गाळ बनून उतरते. म्हणून इंधनाचे नकाशे (केव्हा किती पेट्रोल सोडायचे याची इंजेक्शन-संगणकातील कोष्टके) शिसेविरहित पेट्रोलवर, सेन्सर चांगला असतानाच जुळवून घ्यावेत आणि पुढे १००एलएलवर उडताना एक्झॉस्टच्या तापमानावर लक्ष ठेवावे. रोटरीचे हे तापमान ८७० ते ९८० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पिस्टन इंजिनाची सवय असलेल्याला ते धक्कादायक वाटते, पण येथे जळण्यासाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाहीत. प्रत्येक रोटरला लीडिंग (मुख्य) आणि ट्रेलिंग (साहाय्यक) असे दोन प्लग असतात. ट्रेलिंग बंद केल्यास फेरे थोडेच उतरतात, लीडिंग बंद केल्यास बरेच उतरतात. नव्या प्लगांसह दोन्ही आकडे नोंदवून ठेवावेत आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते वाढलेले दिसले तर प्लग बदलावेत.

मोटारीचे पेट्रोल स्वस्त आणि शिसेविरहित आहे, मात्र त्यात इथेनॉल असते. अमेरिकेत ते बहुधा १० टक्के असते, तर भारतातील पंपांवर आता सर्रास २० टक्के. इथेनॉल पाणी ओढते, काही रबरी नळ्या आणि टाकीच्या आतील लेप खराब करते, आणि फायबरग्लासच्या टाकीत तर ते घालण्याआधी वापरलेले रेझिन त्याला टिकते याची खात्री हवीच. तपासणी सोपी आहे: खुणांच्या काचेच्या नळकांड्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे, खालचा थर १० च्या खुणेपेक्षा वाढला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. निवडलेले टू-स्ट्रोक तेल त्या पेट्रोलमध्ये विरघळून राहते का, हेही काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून पाहावे.

मोटारीच्या पेट्रोलची वाफ विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर होते, विशेषतः थंडीच्या मोसमासाठी बनवलेल्या पेट्रोलची. खालच्या पंखाच्या विमानात उच्चदाबाचा इंजेक्शन पंप टाकीपेक्षा वर असतो आणि तो ओढण्यात दुबळा असल्याने ओढणाऱ्या नळीतच वाफ धरते. म्हणून पंप शक्य तितके खाली ठेवावेत, किंवा कमी दाबाच्या पंपाने एक छोटी हेडर टाकी भरून तिच्या माथ्यावरून वाफ बाहेर काढणारी नळी मुख्य टाकीत न्यावी. उच्चदाबाचे पंप दोन असावेत आणि त्यांचा वीजपुरवठा स्वतंत्र असावा. रेलमधून, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतून, परतणारे पेट्रोल ज्या टाकीतून आले त्याच टाकीत गेले पाहिजे. नाहीतर भरलेली दुसरी टाकी ओसंडून तिच्या व्हेंटमधून इंधन बाहेर सांडेल.

किती प्रवाह लागेल ते आधी मोजून घ्यावे. रोटरीला दर अश्वशक्तीला तासाला सुमारे २५० ग्रॅम पेट्रोल लागते, म्हणजे १८० अश्वशक्तीला ४५ किलो, अर्थात सुमारे ६२ लिटर. पंपाच्या व्यवस्थेने त्याच्या १२५ टक्के, म्हणजे ७८ लिटर द्यावेत. नाक सर्वाधिक चढाईच्या कोनात उचलून, टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवून, इंजिन बंद असताना आणि इंजेक्शनचा पूर्ण दाब धरून रेलमधून परत येणारे पेट्रोल मोजावे; नुसती नळी सुटी करून मोजलेला आकडा फसवा असतो.

राहिले चेंबरमधील तेल. इंजिनाला थंड करताना बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेलातून जातो, त्यामुळे ऑइल कूलर हा येथे दुय्यम भाग नाही. तापमान ७० ते ९० अंशांच्या आसपास ठेवावे आणि ९९ अंश ही मर्यादा मानावी. १३बीमध्ये पंपाचे सगळे तेल बेअरिंगांकडे जाण्यापूर्वी कूलरमधून जाते. त्या नळ्या आतून १६ मिलिमीटरपेक्षा अरुंद नसाव्यात, आणि त्यांतली एक फुटली तर काही क्षणांतच चेंबर रिकामा होतो, म्हणून त्या विमान-दर्जाच्या असून त्यांवर अग्निरोधक आवरण असावे. रोटर ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे एक्सेंट्रिक शाफ्टच्या, पुढच्या टोकाशी असलेली तापमानावर चालणारी गोळी अडकली तर रोटरांवरची फवारणी मंदावते. तिच्या जागी ठोस प्लग बसवावा. त्यानंतर तेल ६० अंशांवर येईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये.

मीटरिंग पंप नसल्याने सिंथेटिक तेल जळण्याचा जुना आक्षेप उरत नाही. तरीही जो बहुतांश १००एलएल वापरतो त्याने खनिज किंवा अर्धसिंथेटिक २०डब्ल्यू-५० घनतेच्या श्रेणीचे तेल घ्यावे, कारण शुद्ध सिंथेटिक तेल शिशाचा गाळ तरंगत ठेवण्यात कमी पडते. दर २५ तासांनी तेल आणि फिल्टर बदलावा आणि फिल्टर कापून पाहावा. तुटलेल्या एपेक्स सीलचे तुकडे एक्झॉस्टमधून निघून जातात, त्यामुळे फिल्टरमध्ये बेअरिंगचे कण शोधावेत आणि सीलची अवस्था कम्प्रेशन चाचणीने वेगळी तपासावी. विमान महिनाभर उभे राहणार असेल तर शेवटच्या उड्डाणासाठी टाकीत इथेनॉल नसलेले पेट्रोल भरावे आणि तेलाचे प्रमाण लिटरला १० मिलिलिटरपर्यंत वाढवावे.