आल्प्स, आगगाडी आणि अठरा मिनिटं: या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे एक्सेल शीट यायला लागतात. कधी भाचा पाठवतो, कधी सोसायटीतले शेजारी, कधी ऑफिसातल्या कोणाचे तरी काका. ‘तू जाऊन आलायस ना, जरा नजर टाक.’ शीट उघडली की पहिल्या चार ओळींतच कळतं की ही मंडळी सुट्टीवर नाही, रिले शर्यतीला निघाली आहेत. म्युनिक दोन रात्री, साल्झबुर्ग एक, इन्सब्रुक एक, व्हेरोना एक, मिलान एक, चूर एक, झुरिक एक, इंटरलाकेन दोन. दहा रात्रींत पाच देश. पाचवा कुठला म्हणाल तर लिख्टेनश्टाइन. इन्सब्रुकहून झुरिकला जाणारी गाडी त्यातून काही मिनिटं जाते, म्हणून तोही यादीत. खिडकीतून पाहिलेला देश मोजायचा असेल तर खुशाल मोजा.

एक रात्र म्हणजे शून्य दिवस

हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडायचं आणि पुढचं दुपारी तीनला मिळणार. मधल्या वेळात तुम्ही प्रवासात, लॉकर शोधण्यात किंवा बॅगांवर बसून कोणीतरी स्वच्छतागृहातून परत येण्याची वाट बघण्यात. संध्याकाळी गावात एक चक्कर, सकाळी पुन्हा बॅग भरा. याला गाव पाहणं म्हणत नाहीत, गावात झोपणं म्हणतात.

मी एकच करतो. एका ठिकाणी तळ ठोकायचा आणि तिथून रिकाम्या हाताने फिरायचं. उदाहरणार्थ इन्सब्रुक. तिथे चार रात्री राहा. म्युनिक पावणेदोन तासांवर, साल्झबुर्ग साधारण तेवढंच, आणि ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतलं बोल्झानो दोन तासांवर. सकाळी जा, संध्याकाळी परत या, बॅग खोलीतच. चार गावं झाली आणि बॅग एकदाच उघडली. हे सांगितलं की समोरून हमखास येतं, ‘पण मग जाऊन परत यायचं भाडं?’ अहो, चार वेळा टॅक्सी, चार वेळा लॉकर आणि चार वेळा नवऱ्याचं डोकं फिरणं यांचंही भाडं लावा की.

अशा फेरीत पासपोर्ट मात्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका. इन्सब्रुक आणि साल्झबुर्ग दोन्ही ऑस्ट्रियात, पण त्यांच्यामधली थेट गाडी जर्मनीतून रोझेनहाइमच्या बाजूने जाते. म्युनिकच्या रस्त्यावर तर जर्मन पोलीस डब्यात चढून कागद बघतात. मोबाइलमधला फोटो दाखवून ‘ओरिजिनल हॉटेलवर आहे’ म्हणणाऱ्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे.

सीमेवरची अठरा मिनिटं

ही चूक करणारा मीच, तेव्हा सविस्तर सांगतो.

२०२३ चा मे महिना. आम्ही सहा जण: आई-बाबा, आम्ही दोघं, साडू आणि मेहुणी. बॅगा आठ. स्वित्झर्लंडमधल्या चूरहून सकाळी बेर्निना या डोंगरी रेल्वेमार्गाने इटलीतल्या तिरानोला, तिथून अडीच तासांत मिलान, आणि मिलानहून संध्याकाळच्या युरोसिटीने, म्हणजे देशोदेशी जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीने, झुरिक. नकाशावर कसं छान वर्तुळ दिसतं! मिलानला गाडी बदलायला अठरा मिनिटं होती. आठवडाभर स्वित्झर्लंडमध्ये पाच-पाच मिनिटांत गाड्या बदलल्या होत्या, त्यामुळे अठरा मिनिटं म्हणजे चहा पिऊन जाण्याइतका वेळ असं मला वाटत होतं.

स्वित्झर्लंडमधली पाच मिनिटं चालतात, कारण तिथलं वेळापत्रकच तसं बांधलंय. मोठ्या स्टेशनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याआधी येतात, एकमेकींना भेटतात आणि ठोका झाला की निघतात. तेवढ्यासाठी ते इतके हट्टी आहेत की जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी सीमेवरच्या बाझेललाच थांबवतात, पुढे स्वतःची पाठवतात. हा शिरस्ता सीमेपलीकडे नाही. आणि तिरानोहून मिलानकडे येणारा मार्ग लेक्कोपर्यंत बहुतेक एकेरी आहे. समोरची गाडी आल्याशिवाय आपली हलत नाही.

सोंद्रिओच्या पुढे आमची गाडी एका छोट्या स्टेशनात उभी राहिली. पाच मिनिटं. दहा. मी मोबाइलमधलं घड्याळ बघतोय, साडू मला बघतोय. ‘सुटेल रे,’ असं मी तीनदा म्हणालो. शेवटी मिलानो चेंत्रालेला पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. आमची झुरिकची गाडी फलाटावरून नुसती निघालेली नव्हती, तर पाटीवरूनही पुसली गेली होती. त्या टोलेजंग छताखाली आठ बॅगांचं कुंपण करून आईने थेपल्यांचा डबा उघडला आणि म्हणाली, ‘आधी खाऊन घ्या, मग भांडा.’

भांडण्यात अर्थही नव्हता. स्वित्झर्लंड-इटली युरोसिटीला सीटचं आरक्षण सक्तीचं असतं, पास असला तरी. आमचं आरक्षण गेलेल्या गाडीचं. पुढच्या गाडीत सहा जागा नव्हत्या. वर मी तिरानो-मिलान आणि मिलान-झुरिक अशी दोन वेगळी तिकिटं काढली होती, दहा-बारा युरो वाचवायला. एकच सलग तिकीट असतं तर गाडी चुकवल्याची जबाबदारी रेल्वेची झाली असती. वेगळी तिकिटं म्हणजे दुसऱ्या गाडीच्या दृष्टीने तुम्ही उशिरा आलेले प्रवासी, विषय संपला.

वाट सापडली ती खिडकीवरच्या बाईंमुळे. मिलानो चेंत्रालेहून लुगानोला तासातासाला आर-ई-८० नावाची साधी गाडी जाते, चियास्सोवरून. आरक्षण नाही, सीट क्रमांक नाही, ठाण्याच्या लोकलसारखी चढा आणि बसा. लुगानोला उतरलात की तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये, आणि तिथून झुरिकपर्यंत देशांतर्गत प्रवासाला आरक्षण लागत नाही. नवी तिकिटं काढली, वाचवलेल्या युरोंच्या कितीतरी पट मोजले आणि रात्री उशिरा झुरिकला पोचलो. हॉटेलचा रिसेप्शन बंद. किल्लीच्या पेटीचा कोड ईमेलमध्ये आलेला होता, तो बाबांनी शोधला. त्या दिवसाचं एकमेव चांगलं काम त्यांचं.

तेव्हापासून माझा नियम असा: सीमा ओलांडायच्या दिवशी गाडी बदलायला एक तास. कमी नाही. दिवसाची शेवटची गाडी कधीच धरायची नाही. आणि चुकली तर पुढच्या दोन गाड्या कोणत्या, हे आदल्या रात्री कागदावर लिहून पाकिटात. कागदावरच, कारण ऐन वेळी मोबाइलची बॅटरी नाहीतर रेंज यांपैकी एक गेलेलं असतं. घाटातल्या पाटीवर लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई, ते आपण लोणावळ्याला जाताना वाचतो आणि मिलानला विसरतो.

काचेच्या छताचं वेड

‘बेर्निना एक्सप्रेसचं रिझर्वेशन मिळालं नाही, म्हणून तो दिवस रद्द केला.’ हे वाक्य ऐकलं की माझं रक्त उसळतं.

बेर्निना एक्सप्रेस ही पर्यटकांची काचेच्या छताची गाडी ज्या रुळांवरून जाते, त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही जातात. तीच बर्फाची शिखरं, तोच समुद्रसपाटीपासून २२५३ मीटरवरचा ओस्पित्सिओ बेर्निना थांबा, तोच ब्रूझिओचा गोल पूल, जिथे गाडी स्वतःच्याच शेपटाखालून गेल्यासारखी वळते. फरक इतकाच की एक्सप्रेसला मोठ्या काचा आणि सक्तीचं आरक्षण. साध्या गाडीला लहान खिडक्या, पण त्यातल्या काही डब्यांत त्या खाली सरकवता येतात. फोटो काढणाऱ्यांनो, बंद काचेतून काढलेल्या फोटोत आल्प्सच्या जोडीला तुमचा टी-शर्टही येतो. साध्या गाडीतून आल्प ग्र्यूमला उतरा, हिमनदी बघा, कॉफी प्या, पुढच्या गाडीने खाली या. एक्सप्रेसमध्ये हे जमत नाही. चूरहून निघालात तर साध्या गाडीने मध्ये बदलावं लागतं, तेवढंच. साधारण दर तासाला गाडी असते.

आणि हा मार्ग बघताना आपला बोरघाट आठवा. आपल्याकडे सदतिसास एक चढ म्हणून कर्जतला मागे जादा इंजिनं लावतात. बेर्निनाचा चढ चौदास एकच्या आसपास, दातेरी रूळही नाहीत, आणि ती छोटी लाल गाडी निवांत चढत जाते. खाली तिरानोत तर ती बॅसिलिकासमोरच्या रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून चालते. हे सगळं तिकिटात येतं, काचेचं छत नसलं तरी.

याच्या नेमकी उलटी चूक म्हणजे ॲपने दाखवलेली सगळ्यात वेगवान गाडी डोळे मिटून घेणं. झुरिक-लुगानो वेगवान गाडी २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड तळबोगद्यातून जाते. म्हणजे आल्प्स बघायला आलेला माणूस वीस मिनिटं अंधारात स्वतःचं प्रतिबिंब बघतो. जुना मार्ग वरून जातो, वासेन गावचं चर्च तीनदा तीन उंचीवर दिसतं, कारण गाडी डोंगरात गिरक्या घेत चढते. ट्रेनो गोत्तार्दो नावाची साधी गाडी अजून त्या मार्गाने जाते. तासभर जास्त लागला तर लागू द्या, त्या तासासाठीच तर एवढं विमानभाडं भरलंत.

बाकीच्या, थोडक्यात

पास म्हणजे सगळं फुकट नव्हे. आपल्यासाठी युरेल, इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी. पास कुठलाही असला तरी युंगफ्राउयोखसारख्या डोंगरी रेल्वेवर बहुतेक सवलतच मिळते. आधी सुटी तिकिटं जोडून बघा, मग पास घ्या. तळ ठोकून फिरणाऱ्याला पास बऱ्याचदा महाग पडतो.

ॲपमधल्या पासमध्ये गाडी नोंदवायची ती चढण्याआधी. टीसी समोर आल्यावर नाही.

व्हिसाचा अर्ज जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. ‘अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज करण्याची आयडिया मला सांगू नका.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत आहे, युरोपीय संघात नाही. त्यामुळे फ्रँक वेगळा, आणि म्युनिकला घेतलेलं सिमकार्ड सीमा ओलांडल्यावर मुकं होऊ शकतं. घेताना विचारा.

रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत किराणा दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातली उघडी असतात. शनिवारी दूध घ्या.

स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. इंटरलाकेन ओस्ट आणि वेस्ट वेगळी. लिंडाउला बेटावर हॉटेल असेल तर लक्षात ठेवा, झुरिक-म्युनिक युरोसिटी २०२० च्या अखेरीपासून मुख्य भूमीवरच्या रॉयटिन स्टेशनात थांबते. आणि व्हेरोनाला ‘मोनाको’ अशी घोषणा झाली तर घाबरून उतरू नका. इटालियन लोक म्युनिकला मोनाको म्हणतात. माझ्या मेहुणीने सगळ्या बॅगा उतरवल्या होत्या.

गाडी बरोबर, डबा चुकीचा, हाही एक प्रकार. इंटरलाकेन ओस्टहून निघालेली गाडी त्स्वायल्युचिनेनला दुभंगते. एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचून चढा. नवरा एका डब्यात, बायको-मुलं दुसऱ्यात आणि सगळं पाणी एकाच बॅगेत, अशी वाटणी बघून झालीय.

इन्सब्रुकहून झुरिकला जाताना आर्लबर्गचा १८८४ सालचा बोगदा ओलांडला, लिख्टेनश्टाइनही गेलं, की बुख्सला गाडी थांबते आणि उलट्या दिशेने निघते. आई खिडकीपाशी होती. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, ‘अरे, ही परत चालली!’ परत वगैरे नाही, फक्त इंजिनाची बाजू बदलते. एके काळी खंडाळ्याजवळही असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. समोरच्या बाकावरच्या ऑस्ट्रियन आजोबांनी मान न उचलता वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाबा मात्र उठून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. त्यांना उलटं बसून प्रवास सोसत नाही.