जुन्या पेट्रोल गाडीचे टायमिंग आणि कार्ब्युरेटर: दोष कसा शोधावा

खानदेशातल्या उन्हाळ्यात जुनी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर चढावर मिस करू लागली की बहुतेक मालक आधी हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उघडायला लावतात. माझे मत याच्या उलट आहे. पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), प्लग आणि टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ) ठीक असल्याची खात्री पटेपर्यंत कार्ब्युरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नये. उशिरा पडणारा करंट आणि बिघडलेले मिश्रण यांची लक्षणे बरीचशी सारखी असतात, आणि दोन्ही एकदम हलवले तर मूळ दोष कोणता होता हे नंतर कळत नाही.

सुरुवात प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरपासून करावी; पॉइंट त्यातच असतात. कॅपला आतून तडा किंवा काळी रेघ असेल तर ती बदलावी. पॉइंट पुन्हा पुन्हा करपत असतील तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या छोट्या भागावर) संशय घ्यावा. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने (पातळ मोजपट्टीने) गॅप मोजावा. अशा गाड्यांत तो साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम मोडू नये. पॉइंटचा कॅमवर घासणारा पाय झिजला की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि कोणी हात न लावताही टायमिंग मागे सरकते.

टायमिंगसाठी महागडे उपकरण लागत नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरची खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर जुळवावी. मग डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करून पॉइंटच्या तारेपासून अर्थपर्यंत (इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत) बारा व्होल्टचा छोटा दिवा जोडावा, इग्निशन चालू करावे आणि डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवावा. दिवा ज्या क्षणी पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतात. आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेने डिस्ट्रिब्यूटर फिरवला की टायमिंग पुढे जाते. खरी परीक्षा रस्त्यावरच होते: चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर टकटक आवाज आला तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यावे. आवाज नाही, पण गाडी सुस्त आहे आणि इंजिन तापते, तर ते आधीच मागे असण्याची शक्यता जास्त. जळगाव-भुसावळकडचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेल्यावर तापलेल्या हवेमुळे नॉकिंग, म्हणजे हाच टकटक आवाज, वाढते, म्हणून हिवाळ्यात बेताने पुढे ठेवलेले टायमिंग वैशाखात पुन्हा तपासावे.

एवढे करूनही दोष राहिला तर कार्ब्युरेटरकडे वळावे. प्लग काळा आणि कोरड्या काजळीने माखलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. आधी एअर फिल्टर पाहावा, कारण आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांच्या धुळीने तो लवकर तुंबतो, आणि त्यानंतर चोक (हवा कमी करणारी झडप) आणि पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट व नीडल पाहावे. प्लग पांढरट असेल आणि कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. अशा वेळी चालू इंजिनावर चोक थोडा ओढावा. इंजिन सुधारले तर जेट (पेट्रोल येण्याचे बारीक छिद्र) तुंबला आहे किंवा गॅसकेटमधून जादा हवा शिरते आहे.

मिश्रणाचा स्क्रू इंजिन गरम असताना आणि चोक पूर्ण उघडा, म्हणजे न ओढलेला, असतानाच लावावा. तो अलगद आत बसवून दीड फेरा बाहेर घ्यावा, मग इंजिन सर्वांत जलद आणि स्थिर चालेल तिथे थांबून स्लोच्या (गाडी उभी असतानाच्या वेगाच्या) स्क्रूने वेग उतरवावा. जोर लावून आवळल्यास स्क्रूच्या टोकाला खाच पडते आणि पुढे स्लो कधीच नीट लागत नाही.

उन्हात उभी केलेली गाडी गरम असताना सुरू होत नसेल तर अॅक्सिलरेटर पंपासारखा मारू नये. तो पूर्ण दाबून धरून सेल मारावा. धावता धावता बंद पडली आणि काही वेळाने आपोआप सुरू झाली, तर पेट्रोल पंपात किंवा पाइपात वाफ अडकत असावी. पंपावर ओले फडके टाकून पाहावे आणि पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्यावा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबर फुगते, म्हणून पाइप बदलताना इथेनॉलला चालणाराच मागावा, आणि हे काम इंजिन थंड असताना, बॅटरीची तार काढूनच करावे.